माळावर चिंकाराशेजारी शेळ्या-मेंढ्या चारताना: जंत, गोचीड आणि कुत्र्यांचा बंदोबस्त

शेळीपालनात नव्याने उतरलेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: जंताचं औषध कोणतं, किती मिली आणि किती महिन्यांनी? शेळ्या बारा महिने गोठ्यात बांधून असतील तर एवढ्यावर बऱ्यापैकी भागतं. पण पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या माळावर तुमचा कळप चरत असेल, तर त्याच गवताला चिंकारा आणि काळवीटही तोंड लावतात. त्याच पाऊलवाटेने रात्री लांडगा आणि खोकड जातात. अभयारण्यांच्या हद्दी इथे फारशा कामाच्या नाहीत. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं आहे आणि सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत ही जनावरं मावत नाहीत. ती गावच्या गायरानात, पडीक रानात, ज्वारीच्या शेतात येतात आणि येत राहणार.

गावात अनेकदा ऐकू येतं की हरणांमुळे आमच्या शेळ्यांना रोग लागतो. होतं ते बहुतेक वेळा उलट. माळावर चिंकारा असतात मोजके आणि शेळ्या-मेंढ्या असतात शेकड्यांनी. गवतावर पडणाऱ्या जंतांच्या अंड्यांत आपल्या कळपांचा वाटा कितीतरी मोठा असतो. चिंकाराला पकडून औषध पाजणं शक्य नाही आणि तसा प्रयत्न कुणी करूही नये. त्याच्या गवतात जंत कमी ठेवायचे असतील तर आपल्या जनावरांच्या लेंड्यांतून कमी जंत पडले पाहिजेत, दुसरा उपाय नाही. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे, आणि त्यात तुमच्या शेळ्यांचाही फायदाच आहे.

पायरी १: आधी माळ वाचा

कळप सोडण्याआधी काही दिवस सकाळ-संध्याकाळ नुसतं माळावर जाऊन बसा. चिंकारा कुठे चरतात, काळविटांचा कळप कोणत्या बाजूने येतो, पाणी कुठे पितात, ओल कुठे टिकते हे बघा. चिंकारा आणि काळवीट ठराविक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात, त्यांचे छोटे ढीग दिसतात. अशा जागा ओळखून ठेवा आणि कळप तिथून बाजूने न्या. लांडग्याची विष्ठा वाटेच्या मधोमध पडलेली असते, केस आणि हाडांचे तुकडे असलेली. तिला हात लावू नका, काठीनेही उकरू नका. कारण पायरी ६ मध्ये येईल.

हे सगळं वहीत एका साध्या नकाशावर उतरवा. ओढ्याकाठचा हिरवा पट्टा, पाझर तलावाची कड, उघडा मुरमाड माळ, बाभळी-बोरींची झुडपं अशा चार-पाच खुणा पुरतात. पुढे कळप कुठे न्यायचा हे ठरवताना तुम्ही हा नकाशा पुन्हा पुन्हा उघडाल.

पायरी २: शत्रू कोण ते नीट समजून घ्या

माळावर सगळ्यात जास्त नुकसान करतो तो हिमाँकस नावाचा जंत. तो शेळी-मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो आणि रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. तिच्या रक्ताने भरलेल्या आतड्याभोवती पांढरा पट्टा गुंडाळलेला दिसतो, म्हणून ती लाल-पांढऱ्या पिळाची वाटते. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण हजार जंत असतील तर रोज ५० मिली रक्त गेलं. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं. हिशेब तुम्हीच करा.

एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंडीतून गवतात येतात. पावसाळी उबेत साधारण आठवडाभरात त्यांतून लागण करणारी अळी तयार होते. ती दवाच्या किंवा पावसाच्या पातळ थरातून गवताच्या पात्यावर चढते. फार वर जात नाही, बहुतेक अळ्या जमिनीपासून पाच सेंटिमीटरच्या आतच असतात. शेळीने किंवा चिंकाराने ते पातं खाल्लं की तीनेक आठवड्यांत नव्या मादीची अंडी पुन्हा माळावर पडू लागतात. अळीला खाणारं तोंड शेळीचं आहे की काळविटाचं, याने तिचं काही अडत नाही.

ऊन हा या अळीचा सगळ्यात मोठा वैरी. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या माळावरच्या लेंड्या वाळून कडक होतात आणि आतल्या अळ्या मरतात. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी कोरडा माळ बराचसा स्वच्छ असतो. जंत तेव्हा जनावराच्या पोटात दबा धरून असतात, वाढ थांबवून. पाऊस सुरू झाला की ते जागे होतात, त्याच सुमारास अंड्यांचा पूर येतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोकरं-करडं पटापट खंगायला लागतात. शेळी-मेंढी व्यायच्या सुमारास तिची ताकद कमी पडते, त्यामुळे त्या दिवसांतही तिच्या लेंड्यांतून अंडी जास्त जातात. कळपात एकाच वेळी बऱ्याच जणी व्यायला आल्या असतील तर हा काळ विशेष सांभाळायचा.

गाय-बैलांच्या पोटातले जंत बऱ्याच अंशी वेगळ्या जातींचे असतात. चिंकारा-काळविटांची देवाणघेवाण मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांशी होते. गाई-म्हशींचं तसं नातं सह्याद्रीत गव्यांशी जुळतं.

पायरी ३: पापणी बघायला शिका, मग लेंड्या तपासून घ्या

हिमाँकसने रक्त प्यायलं की जनावर आतून पांढरं पडतं. खालची पापणी अलगद उलटून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर ठीक. फिकट गुलाबी म्हणजे लक्ष ठेवा. पांढुरकी दिसली तर उशीर करू नका. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा तक्ता तयार झाला, त्याला फमाचा म्हणतात. १ म्हणजे लाल, ५ म्हणजे पांढरं. ४ आणि ५ ला औषध द्यायचंच. करडं आणि गाभण शेळ्या यांना ३ ला सुद्धा द्यावं. सावलीत बघू नका, दिवसाच्या उजेडात बघा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पूर्ण कळपाच्या पापण्या बघायची सवय लावून घ्या. हात बसला की एका जनावराला काही सेकंद पुरतात.

जबड्याखाली पाणी उतरून मऊ सूज आली असेल तर रक्त फार कमी झालेलं असतं, त्या दिवशीच डॉक्टर गाठा. आणखी एक लक्षात असू द्या: हिमाँकसने हगवण लागतेच असं नाही. लेंड्या घट्ट आहेत म्हणून जंत नाहीत, या समजुतीने खूप करडं मेली आहेत.

पापणीने रक्त कमी झाल्याचं कळतं, जंत किती आहेत ते लेंड्यांतल्या अंड्यांच्या मोजणीने कळतं. दहा-बारा जनावरांच्या ताज्या लेंड्या घ्या, शक्यतो हातमोजा घालून थेट गुदद्वारातून. जमिनीवरच्या शिळ्या लेंड्यांत अंडी उबलेली असतात, त्यांचा आकडा फसवा येतो. प्रत्येकाच्या सात-आठ लेंड्या वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी, आणि बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी दवाखान्यात. तालुक्याला सोय नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरूनही जवळची सोय कळते.

चिंकाराच्या लेंड्या हौसेने गोळा करू नका. अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीच उचलायचं नसतं.

पायरी ४: औषध कुणाला, कधी, कसं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. दर तीन महिन्यांनी पूर्ण कळपाला एकाच बाटलीतलं औषध पाजायची पद्धत सोडून द्या. प्रत्येक वेळी जे जंत औषधाने मरत नाहीत, त्यांचीच पिल्लावळ माळावर पडते. काही वर्षांत औषध पाण्यासारखं होऊन बसतं. आणि हे चिवट जंत तुमच्या कळपापुरते राहत नाहीत. ब्रिटनमध्ये रानातल्या रो हरणांच्या पोटात औषधाला न जुमानणारे हिमाँकस सापडले. त्या हरणांना कुणी कधी औषध पाजलं नव्हतं, मेंढ्यांच्या कुरणातून ते जंत त्यांच्याकडे गेले होते. हरणं कुंपण मानत नाहीत, त्यामुळे तेच जंत ती शेजारच्या कळपाकडे पोचवू शकतात.

म्हणून पापणी फिकट असलेल्यांना, खंगलेल्यांना आणि अंडी जास्त निघालेल्यांना द्या. धष्टपुष्ट, लाल पापणीच्या शेळ्यांना राहू द्या. त्यांच्या पोटातले साधे जंत माळावर टिकतात आणि चिवट जंतांचं राज्य होऊ देत नाहीत. नव्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण औषध न देणं म्हणजे हयगय वाटते. ती हयगय नाही.

औषध डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. मात्रा ठरवताना वजन अंदाजाने धरू नका, काट्यावर किंवा छातीच्या घेराच्या पट्टीने घ्या. कमी मात्रा म्हणजे चिवट जंत तयार करायचा कारखाना. शेळीचं शरीर बरीचशी औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीची मात्रा शेळीला पुरतेच असं नाही, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. गाभण शेळीला, विशेषतः पहिल्या महिन्यात, अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देऊ नये. औषध जिभेच्या मागच्या बाजूला, डोकं फार वर न ओढता पाजा. ठसका लागला तर थांबा.

औषधाने काम केलं का, हे बघायला दोन आठवड्यांच्या आत त्याच जनावरांच्या लेंड्या पुन्हा तपासा. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर ते औषध तुमच्या माळावर थकलं आहे. डॉक्टरांशी बोलून औषधाचा गट, म्हणजे जंत मारायची त्याची पद्धत, बदला, नुसती कंपनी बदलून उपयोग नाही.

आयव्हरमेक्टिनसारखं औषध दिलं असेल तर पुढचे काही दिवस त्या जनावरांना वाड्यातच ठेवून चारा द्या. या औषधाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणकिड्यांना मारतो. शेणकिडे लेंड्या फोडून, पुरून, वाळवून जंतांच्या अळ्या कमी करतात. माळावर फुकटात राबणारी ही माणसं आपणच मारायला नकोत.

आठवडी बाजारातून आणलेलं जनावर थेट माळावर सोडू नका. तीन आठवडे वेगळं बांधा, आल्या आल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वेगळ्या गटांची औषधं द्या, निदान दोन दिवस त्याच्या लेंड्या गोळा करून बंद खड्ड्यात टाका, आणि मगच कळपात मिसळा. परक्या माळावरचे जंत इथल्या चिंकारांपर्यंत पोचायची ही सगळ्यात सरळ वाट आहे.

पायरी ५: चारण्याची वेळ, उंची आणि पाळी

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दव उडाल्यावरच कळप सोडा. गवत ओलं असतं तोवर अळ्या वर असतात. गवत बोटभर उरलं की त्या जागेवरून हला, कारण जंत शेवटच्या दोन इंचांतच असतात. शेळ्यांना जमेल तितकं झुडपांवर चरू द्या. बोर, बाभूळ, हिवर, अंजन यांचा पाला जमिनीपासून उंच असतो, तिथपर्यंत अळी पोचत नाही. बाभळीसारख्या तुरट पाल्यातल्या टॅनिनने जंतांना थोडाफार आळाही बसतो.

पावसाळ्यात एका तुकड्यावर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त चारू नका, म्हणजे आज पडलेली अंडी अळी होऊन तुमच्याच कळपाच्या तोंडी जाणार नाहीत. परत त्या तुकड्यावर यायला जितका उशीर कराल तितकं चांगलं, मध्ये गाई-बैल चारले तर उत्तमच. गायरान सामाईक असेल तर हे एकट्याने होत नाही, चार कळपवाल्यांनी बसून पाळी ठरवावी लागते. दसरा-दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे धनगर वर्षाचा मोठा भाग माळ मोकळा सोडतात. गवताला त्याने जी विश्रांती मिळते, तिचं मोल मोठं आहे. त्यांच्याशी पाळीबद्दल बोलताना शिकायच्या तयारीने बसा.

चिंकारा आणि काळवीट ज्या तुकड्यावर जास्त असतात, तो पावसाळ्यात शक्य तर सोडूनच द्या.

पाणवठ्याचं थोडक्यात: कळपाला हौदात पाणी पाजा, तलावाच्या कडेला चारू नका. काठावरच्या गोगलगायींतून यकृताच्या चपट्या जंताची लागण होते, आणि त्याच्या पुटकुळ्या पाण्याकाठच्या गवताला चिकटलेल्या असतात. हौदाभोवती मुरूम टाकून जागा कोरडी ठेवा.

पायरी ६: कुत्री

माळावर राखणीचं कुत्रं हवंच. पण जंतांच्या बाबतीत आपला कळप आणि लांडगा यांच्यामधला पूल तेच आहे.

दोन पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखे चपटे जंत, लक्षात ठेवा. एकाची गाठ मेंढीच्या मेंदूत वाढते. मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरते, कळपातून मागे पडते, आणि लांडग्याला सहज सापडते. लांडग्याने किंवा कुत्र्याने ते डोकं खाल्लं की त्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो, त्याच्या विष्ठेतून अंडी पुन्हा गवतावर. दुसरा इकायनोकोकस, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा. त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसात आणि यकृतात होतात. खाटकाला विचारा, तो त्या रोज बघतो. कुत्र्याच्या किंवा लांडग्याच्या विष्ठेतली या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर तशाच गाठी माणसालाही होतात. त्या वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. कुत्र्याशी खेळून तसाच हात तोंडात घालणारं लेकरू यात सगळ्यात आधी सापडतं. लांडग्याच्या विष्ठेला हात लावू नका म्हटलं ते यासाठीच.

तोडगा मात्र सोपा आहे. कापलेल्या किंवा मेलेल्या जनावराचं डोकं, फुप्फुस, यकृत कुत्र्याला कच्चं कधीही टाकायचं नाही. द्यायचंच तर चांगलं अर्धा-पाऊण तास उकळून. मेलेलं जनावर माळावर ओढून टाकायची रीत बंद करा. कुत्रं उकरणार नाही इतका खोल खड्डा, वर चुना, वर दगड. प्रत्येक कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल या पट्टकृमीवरच्या औषधाची गोळी. सहा आठवडेच का, तर साधारण तेवढ्याच काळात नवा इकायनोकोकस अंडी घालण्याइतका मोठा होतो. गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा जाळा किंवा खोल पुरा.

आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग घरोघरी होता. १८६० च्या दशकापासून तिथे लोकांना समजावून सांगायला सुरुवात झाली, कुत्र्यांना आतडी-कोथळे घालणं बंद केलं, कुत्र्यांवर औषधोपचार केले, आणि पुढच्या काही पिढ्यांत तो देशातून गेला. ते घडवलं साध्या मेंढपाळांनीच.

कुत्र्यांची रेबीज आणि डिस्टेंपरची लस चुकवू नका. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार आहे आणि तो कुत्र्याकडून लांडग्याला, खोकडाला होतो.

पायरी ७: गोचीड आणि खरूज

गोचिडीची मादी रक्त पिऊन जमिनीवर पडते आणि भेगेत, दगडाखाली हजारो अंडी घालते. म्हणून अंगावरच्या गोचिडीइतकंच वाड्याकडेही बघा: भिंतीच्या भेगा बुजवा, चुना मारा, साठलेल्या लेंड्या उचला. फवारणीचं औषध डॉक्टर सांगतील त्याच प्रमाणात, आणि फवारलेली जनावरं वाळेपर्यंत पाणवठ्यावर नेऊ नका. माळावर किंवा जंगलात फवारणी अजिबात नको.

दोडामार्ग, सावंतवाडी, गोव्यातला सत्तरी या भागातल्या वाचकांनी जास्त सावध राहायचं आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखलेला माकडताप गोव्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गात २०१६ मध्ये आढळला. तो विषाणू गोचिडीतून माणसाला होतो. गुरं त्याने आजारी पडत नाहीत, पण जंगलात चरणारी गुरं गोचिडींना रक्त पुरवतात आणि घराच्या अंगणापर्यंत आणतात. रानातून आल्यावर गुरांचं आणि स्वतःचं अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा.

खरजेला किरकोळ समजू नका. स्पेनमधल्या काझोर्लाच्या डोंगरात १९८७ मध्ये रानबकऱ्यांत खरजेची साथ आली आणि त्यांतले ९५ टक्क्यांहून अधिक मेले. ती पाळीव शेळ्यांकडून आली असावी असं मानलं जातं. शेळीच्या कानाच्या कडा, नाक, कोपरे खरबरीत होऊन केस गळू लागले तर तिला त्याच दिवशी वेगळं करा, माळावर नेऊ नका, आणि उपचार पूर्ण होईपर्यंत ज्या खांबाला, झाडाला ती अंग घासते तिथे बाकीच्यांना बांधू नका.

पायरी ८: लस, कायदा आणि आजारी वन्यप्राणी

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३-अ नुसार अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या परिघात असलेल्या गुराढोरांचं संसर्गजन्य रोगांविरुद्ध लसीकरण व्हायला हवं. ते करवून घेणं तुमचा हक्क आहे. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि लाळ्या-खुरकूत यांच्या लसीसाठी गावाने मिळून दवाखान्यात अर्ज द्या. मंगोलियात २०१६-१७ मध्ये पाळीव कळपांतला पीपीआर सायगा हरणांत गेला आणि त्यांची हजारोंनी मढी पडली. लसीच्या दिवशीच पापण्या बघणं आणि कुत्र्यांना गोळ्या देणं उरकता येतं. कायद्यात जंतांचा उल्लेख वेगळा नाही, पण डॉक्टर गावात आलेच आहेत तर ही दोन कामं त्यांच्या देखरेखीखाली करून घ्यावीत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

माळावर चिंकारा किंवा काळवीट खंगलेलं, केस झडलेलं, जबड्याखाली सुजलेलं दिसलं, लांडगा खरजेने उघडा पडलेला दिसला, तर पाठलाग करू नका. पाणी पाजायला जाऊ नका, औषध घातलेलं मीठ किंवा पेंड माळावर ठेवू नका. पकडलेलं हरिण बहुधा धक्क्यानेच मरतं. लांबूनच फोटो काढा, जागेची खूण आणि वेळ लिहा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा बीटच्या वनरक्षकाला कळवा. मेलेलं असेल तर कुत्र्यांना त्याच्यापासून लांब ठेवा आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत कुणीतरी थांबा. शवविच्छेदन ताज्या मढ्याचंच उपयोगी पडतं. पोटात कोणते जंत निघाले हे नंतर वनखात्याकडे नक्की विचारा आणि ते तुमच्या पशुवैद्यकांना सांगा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तुमच्या कळपाला कोणतं औषध द्यायचं हे ठरवताना ती माहिती त्यांच्या हाताशी असेल.